जुन्या सागवानाचा घसारा



आपल्या महालातला भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीवकामाची रेलचेल होती. १८६४ साली तो जळाला. नगारखाना तेवढा उरला. राजाचं लाकूड गेलं, पण साध्या घरांतले चौरंग, पाट, झोपाळे, संदुका टिकल्या. त्यांचं सागवान चांदा-अहेरीकडच्या जंगलांचं. सागाच्या गाभ्यातच तेल असतं, म्हणून त्याला सहसा वाळवी लागत नाही.

मी कॉमर्सची. आयकराच्या हिशेबात फर्निचरवर दरसाल १० टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने आजेसासूबाईंचा चौरंग केव्हाच कवडीमोल झाला! तरी आज वाडे पाडताना निघालेलं सागवान लोक पैसे मोजून नेतात.

आपल्याला त्याचं मोल आणखी वेगळं. वनस्पतीतही जीव आहे, असं आपण मानतो. जुना पाट वापरला, तर नवं झाड तुटत नाही. आपले मुनीही लाकडी फळीवर विश्रांती घेतात.

मात्र शोभेसाठी जुन्या वस्तू विकत आणून घर भरलं, तर तोही परिग्रहच. वापरात असेल ते जपावं. नसेल ते कबाडीला देण्याआधी मंदिरात, पाठशाळेत विचारावं. तिथे चौरंग लागतोच.