मालमोटारीचा सारथी आणि त्याचा सावध डोळा

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, सुरत शहराच्या पूर्वेस, पलसाणा तालुक्यात कडोदरा हे गाव लागते. सुरतेहून बार्डोलीकडे जाणारा रस्ता येथेच महामार्गास छेदतो. १९२८ च्या सत्याग्रहाने सर्वांच्या ओळखीचे झालेले बार्डोली येथून जवळच आहे. आणि त्याच दिशेने व्यारा व नवापूर मागे टाकले की खानदेशची वाट धरता येते. सुरतेच्या कापडधंद्यात पोट भरावयास गेलेली कितीतरी खानदेशी कुटुंबे त्या वाटेने जा-ये करीत आली आहेत. कापडाच्या गाठी घेऊन निघालेली मालमोटार, उसाने लादलेला ट्रॅक्टर, प्रवाशांनी भरलेली रिक्षा आणि सायकलवरून कामाला निघालेला मजूर, या सर्वांची गाठ कडोदऱ्याच्या चौफुलीवर पडते.

लांब पल्ल्याची वाहतूक आणि गावची रहदारी जेथे एकत्र येतात, तेथे मोटार हाकणाऱ्याच्या सावधपणाची खरी परीक्षा होते. हा सावधपणा म्हणजे नेमके काय, आणि तो माणसास कधी व कसा शिकवावा लागला, याचा इतिहास उद्बोधक आहे.

बैलगाडीच्या काळी या शिक्षणाची फारशी गरज भासली नाही. रात्रीच्या प्रवासात गाडीवानास डुलकी लागली, तरी बैल आपली वाट सोडीत नसत. गाडीला माणसाच्या दोन डोळ्यांखेरीज जनावरांचे चार डोळे होते. मोटार आली आणि हे चार डोळे नाहीसे झाले. १९४३ साली नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरली व देशातील रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली गेली. १९५४ साली जमशेदपुरास टाटा-मर्सिडीझ बेंझ मालमोटारी तयार होऊ लागल्या. रस्ते लांबले, ओझी वाढली, वेगही वाढला. आणि या सर्वांचा भार चाकापाशी बसलेल्या एकट्या माणसाच्या नजरेवर येऊन पडला.

अपघाताविषयीचा जुना विचार मुख्यतः दोषाचा होता. चूक कोणाची, एवढाच प्रश्न पंचनाम्यात आणि न्यायालयात विचारला जाई. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला: चूक कोणाचीही असो, ती चालकास वेळीच दिसली असती काय? इंग्लंडमध्ये हेंडन येथे पोलिसांसाठी निघालेल्या मोटारशाळेत १९३० नंतरच्या दशकात या दृष्टीने शिक्षण सुरू झाले, आणि पुढे १९५५ साली त्यातूनच ‘रोडक्राफ्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकेत १९५२ साली हॅरोल्ड स्मिथ यांनी व्यावसायिक चालकांसाठी पाच सूत्रे सांगितली. तेथील राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने १९६४ साली बचावात्मक मोटारचालनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम काढला. इतरांच्या हातून चूक होणारच, असे धरून आपली गाडी हाकावी, हे त्याचे सार होय.

स्मिथ यांची सूत्रे कडोदऱ्याच्या चौफुलीवर लावून पाहिली तर चटकन समजतात. नजर दूरवर ठेवावी, म्हणजे वळणाऱ्या ट्रॅक्टरची चाहूल आधीच लागते. सारा देखावा पाहावा, म्हणजे उभ्या बसच्या आडून येणारे पोर ध्यानात येते. डोळे सतत फिरते ठेवावे, कारण एकाच जागी खिळलेली नजर पाहत असूनही पाहत नाही. निसटावयास जागा राखावी. आणि आपण दुसऱ्यास दिसतो आहोत, याची खात्री करून घ्यावी.

या शेवटच्या सूत्राची आपली देशी आवृत्ती मालमोटारींच्या पाठीवर कित्येक वर्षे रंगविलेली होती. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द म्हणजे मागून येणाऱ्यास केलेली विनंतीच होती: तू आलास हे मला कळव. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने कर्णकर्कश भोंग्यांस उत्तेजन मिळू नये म्हणून ती अक्षरे लिहिण्यास मनाई केली.

‘निसटावयास जागा’ या सूत्रामागे साधे अंकगणित आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. डोळ्यांनी धोका पाहिला व पायाने ब्रेक दाबला, एवढ्यात एक-दीड सेकंद सहज जातो. त्यानंतर कोठे ब्रेकचे काम सुरू होते. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबण्यापर्यंतचे अंतर चौपट होते. पुढच्या गाडीपासून अंतर राखणे म्हणजे हा सेकंद आधीच पदरी बांधून ठेवणे होय.

परंतु तो सेकंद झोपाळलेल्या माणसापाशी नसतो. येथे हा इतिहास शिकवणुकीकडून विश्रांतीकडे वळतो. चालकाच्या कामाच्या तासांवर मर्यादा १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा सांगितला. मात्र पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांनाच तो लागू होता. १९८८ च्या कायद्याने हीच मर्यादा माल व प्रवासी वाहने चालविणाऱ्या सर्वांस लावली, आणि २०२० च्या श्रमसंहितेत १९६१ चा कायदा समाविष्ट करण्यात आला.

आता हिशेब पाहा. मुंबईपासून कडोदरा अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरले, तरी सहा तासांवर वेळ लागतो. म्हणजे मुंबईहून रात्री दहाला निघून कोठेही न थांबलेला चालक या चौफुलीवर येतो, तो पहाटे चारनंतर, कायद्याने सांगितलेला विसावा चुकवून. माल वेळेवर पोहोचविण्याची घाई त्याच्या एकट्याची नसते. ती व्यापाऱ्याची, मालकाची आणि दुकानात ताग्याची वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचीही असते.

सावधपणा ढळला म्हणजे काय होते, हे सुरत जिल्ह्याने पाहिले आहे. कडोदऱ्याच्या उत्तरेस, कोसंब्याजवळ किम-मांडवी रस्त्यावर, १९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास एक डंपर रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांवर गेला. पंधरा जीव गेले. त्यांतील बहुतेक राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यातून पोटासाठी आलेले होते. डंपर आधी उसाच्या ट्रॅक्टरला धडकला व मग त्याचा ताबा सुटला, असे त्या वेळच्या वृत्तांत सांगितले गेले. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. या आकड्यामागे त्या पंधरांसारखीच माणसे आहेत.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली माणसाचे लक्ष टिकत नाही, ही गोष्ट कायद्याने उशिरा का होईना मान्य केली. मार्ग मोठा झाला, गाड्या सुधारल्या, सूत्रेही छापली गेली. तरीही बैलांचे ते चार डोळे परत येणार नाहीत. त्यांची उणीव चालकाचे शिक्षण जितकी भरून काढील, तितकीच त्याची पुरेशी झोपही भरून काढील. आणि ती झोप त्यास मिळू देणे हे माल पाठविणाऱ्याचे व माल मागविणाऱ्याचेही कर्तव्य आहे.