पेटंटावरचे नाव

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाचा जन्म कॅमेऱ्यासाठी झालाच नव्हता. १७ ऑक्टोबर १९६९ रोजी न्यू जर्सीतील बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तासाभरात फळ्यावर ‘सीसीडी’ मांडली, ती संगणकाच्या स्मृतीसाठी. सिलिकॉनवरील विद्युतभार खणाखणांतून पुढे सरकवायचा; पाण्याच्या बादल्या हातोहात द्याव्यात तसा. हे खण प्रकाशानेही भरतात. त्यांच्या १९७०च्या निबंधात त्या उपयोगाचा उल्लेख आहे. पण प्रतिमा टिपणाऱ्या रचनेचे पेटंट एकट्या मायकेल टॉम्पसेट यांचे. २००९चे नोबेल मात्र बॉइल-स्मिथना, आणि तेही नेमके ‘प्रतिमा टिपणाऱ्या’ मंडलासाठी! निदान हा शब्द तरी टॉम्पसेटांचा होता, असे मला वाटते. त्यांनी सीसीडीने टिपलेली पत्नी मार्गारेट यांची रंगीत छबी १९७३ मध्येच ‘इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली होती.