निळ्या पानांची भेट

निसर्गाची छायाचित्रं जमवायची, हातानं त्यांची वही करायची आणि ती जवळच्या माणसाला द्यायची, या रिवाजाचं मूळ शोधत गेलं की आपण इंग्लंडातल्या केंट परगण्यात, १८४३ सालात पोचतो. त्या ऑक्टोबरात अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशैवालांच्या चित्रांच्या पुस्तकाचा पहिला भाग तयार केला. छायाचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून आज ते ओळखलं जातं, आणि ते विक्रीसाठी नव्हतंच. स्नेह्यासोबत्यांना आणि अभ्यासकांना वाटण्यासाठी होतं.

अ‍ॅनाबाईंचा चित्रकलेचा हात चांगला तयार होता. वडिलांनी भाषांतरित केलेल्या लामार्कच्या शिंपल्यांवरील ग्रंथासाठी त्यांनी शेकडो आकृत्या काढल्या होत्या. पण शैवालाचे केसासारखे तंतू हुबेहूब रेखाटणं त्यांनाही जड गेलं. विल्यम हार्वे यांच्या १८४१च्या शैवालग्रंथात तर चित्रंच नव्हती. अशात कुटुंबाचे स्नेही जॉन हर्शेल यांनी १८४२मध्ये सायनोटाइपची रीत शोधली.

या रीतीला कॅमेरा लागत नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण कागदाला फासून तो अंधारात वाळवायचा. त्यावर शैवाल पसरायचं, वर काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं. मग साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलेला कागद गडद निळा होतो. शैवालाखालचं द्रावण वाहून जातं आणि तिथं पांढरी आकृती उरते. तंतू विरळ असेल तिथं फिकट निळी झाकही येते, म्हणजे त्याचा जाड-बारीकपणा आपोआप उमटतो. अ‍ॅनाबाईंनी नावं आणि मजकूरही स्वतःच्या अक्षरात, याच रीतीनं निळ्यावर पांढरा उमटवला. पुढं इंजिनिअरांचे निळे नकाशे निघाले तेही याच रसायनातून.

हे काम दहा वर्षं, १८५३पर्यंत चाललं. एकेका प्रतीत जवळपास चारशे पानं, आणि प्रत्येक पान वेगळं उन्हात धरलेलं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. भाग सुटे यायचे. ते लावून बांधून घेणं भेट घेणाऱ्याकडे असायचं. त्यामुळं उरलेल्या मोजक्या प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. घेणाऱ्याचाही हात त्या पुस्तकाला लागलेला आहे. खुद्द हर्शेल यांना मिळालेली प्रत आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे.

१८५२च्या आरंभी वडील वारले. त्या दुःखात बालमैत्रीण अ‍ॅन डिक्सन सोबतीला येऊन राहिली आणि दोघींनी मिळून नेच्यांचे ठसे घेतले. १८५४ साली नेचे आणि फुलझाडांचा एक अल्बम अ‍ॅनाबाईंनी तिलाच भेट दिला.