समावेशित शिक्षण : तालुकास्तरीय साहाय्य (महाराष्ट्र)

दिव्यांग वा अन्य विशेष गरजा असलेल्या मुलाला इतर मुलांसोबत नेहमीच्या शाळेत शिकता यावे, यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रामार्फत पुरवली जाणारी मदत. बोलीत या केंद्राला ‘बीआरसी’ म्हणतात.

अशा मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची केंद्र सरकारची पहिली योजना १९७४ची. तिचा आवाका लहान होता. अंध, मूकबधिर किंवा मतिमंद मुलांसाठीच्या निवासी शाळा हाच बहुतेक पालकांपुढचा मार्ग राहिला. सर्व शिक्षा अभियानापासून (२००१) चित्र पालटू लागले. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले; किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१८पासून हे काम समग्र शिक्षा योजनेत चालते.

कामाची सुरुवात मूल हेरण्यापासून होते. पांगळेपण डोळ्यांना दिसते. कमी ऐकू येणारे किंवा वाचनात अडखळणारे मूल मात्र वर्षानुवर्षे ‘ढ’ ठरून मागच्या बाकावर बसते. त्याच्याकडे पहिले लक्ष जायचे ते वर्गशिक्षकाचेच. पुढे तपासणी शिबिर, शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे ‘यूडीआयडी’ ओळखपत्र. रोजंदारी बुडवून जिल्ह्याच्या गावी खेटे घालणाऱ्या पालकांची खरी दमछाक इथेच होते. पात्र मुलांना श्रवणयंत्र, कॅलिपर (पायाला आधार देणारा साचा), चाकाची खुर्ची, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांतील पुस्तके मिळतात. कॅलिपर वाढत्या पायाला लवकरच अपुरा पडतो, म्हणून मोजमाप पुन्हा घ्यावे लागते. मदतनीस व प्रवास भत्ता आणि मुलींसाठी प्रोत्साहन भत्ता अशा तरतुदीही आहेत.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे फिरता विशेष शिक्षक. तो ठरलेल्या दिवशी शाळेत येतो, मुलाला वेगळे शिकवतो, पण त्याहून मोलाचे म्हणजे वर्गशिक्षकाला युक्त्या दाखवतो : कुठे बसवावे, फळ्यावर किती लिहावे, कोणता प्रश्न तोंडी विचारावा. तीव्र दिव्यांगत्वामुळे शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाच्या घरी तो जातो. तेथे पाढ्यांआधी जेवणे, कपडे घालणे, पैसे ओळखणे शिकवले जाते. अशा गृहाधारित शिक्षणाला शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने आधार दिला. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक व तासामागे २० मिनिटे जादा वेळ मिळतो. मात्र त्यासाठीची कागदपत्रे परीक्षेच्या बऱ्याच आधी जमवावी लागतात.

एकेका विशेष शिक्षकाकडे अनेक गावे, त्यात नेमणूक बराच काळ कंत्राटी राहिली, त्यामुळे भेटी विरळ झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२मध्ये प्राथमिक स्तरावर १० आणि त्यापुढे १५ विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. महाराष्ट्राने २०२४मध्ये केंद्र पातळीवर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या प्रत्येक गटासाठी, एक याप्रमाणे ४,८६० पदे मंजूर केली.