ट्यूबलेस सायकलचं श्रेय कोणाचं?

1999 साली माविक, मिशेलिन आणि हचिन्सन या फ्रेंच कंपन्यांनी डोंगरी सायकलींसाठी ‘यूएसटी’ हे ट्यूबलेस चाक आणलं. आतल्या बाजूला आऱ्यांची भोकं नसलेली खास रिम आणि हवा न झिरपणारा जाड, जड टायर असा तो संच होता. तरीही आजच्या ट्यूबलेस सायकलच्या घडणीचं मोठं श्रेय मी घरगुती खटपटीला देतो. अनेक सायकलस्वारांना हातातली साधी रिमच वापरायची होती. कुणी लहान चाकाची ट्यूब उभी चिरून रिमवर पट्टीसारखी अंथरली, कुणी आऱ्यांची भोकं चिकटपट्टीने बुजवली. मग टायरमध्ये रबराचा पातळ चीक ओतला. अमेरिकेत स्टॅन कोझियाटेक यांनी याच वाटेवर चीक, पट्टी आणि व्हॉल्व्ह यांचा संच विकायला काढला. टायर हलका राही आणि बारीक पंक्चर चीकच बुजवी.

यावर आक्षेप रास्त आहे: साध्या रिमवर टायरची कड नीट धरत नसे, वळणावर हवा भसकन सुटे, क्वचित टायरच निखळे. म्हणून कड धरून ठेवणारा रिमचा आकार ही कारखान्याचीच देणगी, हे मी मान्य करतो. पण आज बहुतेक ट्यूबलेस चाकांत पट्टी आणि चीक दोन्ही लागतात, आणि यूएसटीच्या मूळ कल्पनेत त्यांची गरजच नव्हती.