अर्ज वाचायचा कोणी?

सरकारी नोकरांना परकी भाषा शिकविणे म्हटले की आज परराष्ट्र खाते डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्या देशात अशा शिक्षणाची एक मोठी व्यवस्था उभी राहिली ती येथल्याच भाषांसाठी, आणि त्या वेळी विद्यार्थी होते परके राज्यकर्ते. सीमाभागातील मराठी माणसाने हा इतिहास आठवावा, कारण आपल्या आजच्या तक्रारीशी त्याचा थेट संबंध आहे असे आम्हांस वाटते.

ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर कोवळ्या वयात विलायतेहून येत आणि रयतेशी त्यांचा व्यवहार दुभाष्यामार्फत चाले. गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १७९८ च्या अखेरीस जाहीर केले की, १ जानेवारी १८०१ पासून कायदेकानू व देशी भाषा यांच्या परीक्षेत उतरल्यावाचून जबाबदारीची ठरावीक पदे कोणासही मिळणार नाहीत. पाठोपाठ १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले. तेथे पुढे मराठीही शिकविली जाऊ लागली. अध्यापक होते विल्यम केरी, पूर्वायुष्यात जोडे शिवणारे मिशनरी. त्यांच्या मदतीस पंडित वैजनाथ होते. श्रीरामपूरच्या छापखान्यातून केरींचे मराठी व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली बाहेर पडला. व्याकरण देवनागरीत, तर कोशातील मराठी शब्द मोडीत छापले होते. मराठी दफ्तर मोडीत लिहिले जाई. ते वाचता येईना तर अधिकारी कारकुनाच्या हातचे बाहुलेच ठरला असता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठी मुलूख मुंबई सरकारकडे आला. मोल्सवर्थ हा लष्करी अधिकारी. त्याने कँडी बंधू आणि मराठी पंडित यांच्या साहाय्याने तयार केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत. तो आम्ही आजही उघडतो.

यात मराठीवरील प्रेम किती होते, याविषयी आमचा भ्रम नाही. वसूल बिनबोभाट यावा, साक्षीपुरावा कळावा, राज्य टिकावे, हाच हेतू होता. तरीही एक तत्त्व त्यातून मान्य झाले: अधिकारी आणि रयत यांच्या भाषा भिन्न असतील, तर शिकण्याचा भार अधिकाऱ्याने उचलावा. गोव्यात याच्या उलट घडले होते. तेथे पोर्तुगीज व्हाइसरॉयने १६८४ साली फर्मान काढून लोकांनीच आपली भाषा टाकावी व तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, असे बजावले. लोकांची भाषा मात्र त्या फर्मानाने मेली नाही.

आता स्वतंत्र भारताचे संविधान पाहा. अनुच्छेद ३५० प्रमाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीस आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासंबंधी अनुच्छेद ३५०क व भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्यासंबंधी ३५०ख यांची भर घातली. हक्क आहे, परंतु तो अर्ज वाचणाऱ्याने ती भाषा शिकलीच पाहिजे, असे या अनुच्छेदांत कोठेही म्हटलेले नाही. अर्ज देता येतो, तो समजून घेतला जाईल याची हमी मिळत नाही. सीमाभागातील एका कचेरीत मराठी अर्ज न वाचताच परत केलेला आम्ही पाहिला आहे. कारकून उर्मट नव्हता, त्याला मराठी कोणी शिकविलेच नव्हते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जेथे मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे, त्या तालुक्यांत नेमणूक होणाऱ्या महसूल, पोलीस व पंचायत कर्मचाऱ्यांना सरकारी खर्चाने मराठी शिकवावी व त्यांची परीक्षा घ्यावी. महाराष्ट्रातील जत, अक्कलकोट येथील कन्नड भाषकांसाठी हाच नियम आपल्या सरकारनेही पाळावा. एका बाजूने मागायचे आणि दुसऱ्या बाजूने नाकारायचे, हा न्याय नव्हे. यात राज्याच्या राजभाषेचा अनादर नाही की सीमाप्रश्नाचा आमचा दावाही सुटत नाही. सात समुद्र ओलांडून आलेल्यास जे शिकणे भाग पडले, ते शेजारच्या तालुक्यातून बदलून आलेल्यास जड जाऊ नये.