लष्करी भात आणि मुलकी कोंबड्या

परसात मोकळ्या सोडलेल्या कोंबडीला काय खाऊ घालावे, हा प्रश्न ऐकायला अगदी घरगुती वाटतो. परंतु आहारशास्त्राची एक मोठी शाखा याच प्रश्नातून जन्माला आली. जावा बेटावरील एका लष्करी रुग्णालयाच्या आवारातील कोंबड्या आजारी पडल्या, नंतर बऱ्या झाल्या, आणि त्या बऱ्या होण्यामागे एका स्वयंपाक्याचा हटवादीपणा होता. आजचा धागा त्या कोंबड्यांचा आणि त्यांच्या अन्नाचा.

प्रथम पार्श्वभूमी. १८७३ मध्ये डचांनी सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरील आचे सुलतानीवर स्वारी केली. युद्ध वर्षानुवर्षे रेंगाळले. या युद्धात शत्रूच्या हत्यारांइतकीच दहशत एका आजाराची होती, तो म्हणजे बेरीबेरी. आधी पायांना मुंग्या येतात, मग पाय लुळे पडतात, अंगाला सूज चढते आणि शेवटी हृदय थांबते. धडधाकट शिपाई काही आठवड्यांत अंथरुणाला खिळे. बराकी, तुरुंग, जहाजे, खाणी, मळे, म्हणजे जिथे म्हणून माणसे एकत्र कोंडून एकाच भांड्यातले अन्न खात, तिथे हा रोग हमखास उद्भवत असे.

१८८६ मध्ये डच सरकारने पेकेलहारिंग आणि विंक्लर या दोन वैद्यकतज्ज्ञांना बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पाठविले. त्यांच्यासोबत क्रिस्तियान आइकमान नावाचा तरुण लष्करी डॉक्टर होता. तो पूर्वी या वसाहतीत नोकरीला येऊन मलेरियामुळे मायदेशी परतला होता आणि नंतर बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्र शिकला होता. तो काळच जंतूंच्या शोधाचा. क्षय, पटकी, घटसर्प अशा एकेका रोगाचे जंतू सापडत होते. बेरीबेरीचाही असाच जंतू असणार, याविषयी या मंडळींना फारशी शंका नव्हती. दोघे वरिष्ठ १८८७ मध्ये परत गेले. वेल्टेव्रेडेनच्या लष्करी रुग्णालयातील छोट्या प्रयोगशाळेचे काम १८८८ पासून आइकमान यांच्याकडे आले.

प्रयोगांसाठी प्राणी हवे होते. ससे आणि माकडे वापरून पाहिली, परंतु निष्पन्न काही झाले नाही. मग कोंबड्या आणल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि पुष्कळ ठेवता येत होत्या. काहींना रुग्णांचे रक्त टोचले, काही तुलनेसाठी तशाच ठेवल्या. काही काळाने कोंबड्या खरोखरच लंगडू लागल्या. त्यांची चाल डळमळली, दांडीवर बसताना तोल जाऊ लागला, मान मागे वळून ताठ झाली, श्वास घेणे जड झाले आणि त्या मरू लागल्या. शवविच्छेदनात नसांचा ऱ्हास दिसला, तो बेरीबेरीच्या रोग्यांमध्ये दिसतो तसाच. येथवर सारे अपेक्षेप्रमाणे होते. अडचण अशी, की ज्यांना काहीच टोचले नव्हते त्या कोंबड्याही त्याच वाटेने गेल्या.

आणि नोव्हेंबरअखेर रोग आला तसा निघून गेला. आजारी कोंबड्या उठून चालू लागल्या, नवी लागण थांबली. जंतूंच्या हिशेबात हे बसेना.

आइकमान यांनी खाद्याची चौकशी केली. प्रयोगशाळेचा राखणदार काटकसरी होता. कोंबड्यांसाठी वेगळे धान्य विकत आणण्याऐवजी तो रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातून उरलेला शिजवलेला भात आणून त्यांना घालत असे. १७ जूनपासून हे सुरू झाले होते. मग मुदपाकखान्यात नवा स्वयंपाकी आला. लष्कराच्या खर्चाने शिजलेला भात मुलकी कोंबड्यांना द्यायला त्याने साफ नकार दिला. २७ नोव्हेंबरपासून कोंबड्या पुन्हा साध्या, न सडलेल्या तांदळावर आल्या. रोगाची सुरुवात १० जुलैची होती. तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर काय झाले असावे, हे सांगायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

कचेरीतल्या नियमबाजपणाने विज्ञानाचे इतके भले केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. मात्र श्रेय सगळे स्वयंपाक्याला देऊन चालणार नाही. कोंबड्या बऱ्या झाल्या, हे पुष्कळांना दिसले असते. त्यांच्या खाद्याची तारीखवार चौकशी करणे हे आइकमान यांचे काम होते, आणि तिथेच न थांबता पुढची काही वर्षे त्यांनी हेच प्रयोग पुनःपुन्हा केले.

त्यांना आढळले ते असे. भाताचे तूस काढले, पण आतली तांबूस-रुपेरी साल ठेवली, तर तो तांदूळ खाणारी कोंबडी ठणठणीत राहते. गिरणीत घासून ती साल आणि कोंब काढून टाकला, तर तोच तांदूळ काही आठवड्यांत कोंबडीला लुळी करतो. आणि गिरणीत निघालेला कोंडा त्याच लुळ्या कोंबडीला चारला, की ती उभी राहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या भातगिरण्या आग्नेय आशियात पसरल्या होत्या. पांढराशुभ्र तांदूळ टिकायला बरा आणि दिसायला उंची, म्हणून बराकी आणि तुरुंग यांच्या कोठारांत तोच भरला जाई. कोंडा मात्र जनावरांच्या दावणीत जाई. औषध दावणीत आणि आजार ताटात, असा तो प्रकार होता.

तरीही आइकमान यांचे स्पष्टीकरण चुकले. त्यांच्या मते तांदळाच्या पिठूळ भागात काही विष तयार होत असावे आणि सालीत त्यावरचा उतारा असावा. रोग हा कशाच्या तरी असण्याने होतो, नसण्याने नव्हे, ही त्या काळातील विचारांची चाकोरी होती. इतका सूक्ष्म निरीक्षकही ती ओलांडू शकला नाही.

कोंबड्यांचे खरे, पण माणसांचे काय? हा आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर जावाचे वैद्यकीय निरीक्षक आडोल्फ फोर्डरमन यांनी शोधले. जावा आणि मादुरा येथील तुरुंगांमध्ये त्या त्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे वेगवेगळा तांदूळ शिजत असे. म्हणजे प्रयोग आधीच सुरू होता, फक्त मोजणी बाकी होती. त्यांनी १०१ तुरुंग आणि सुमारे २ लाख ८० हजार कैदी यांची माहिती गोळा करून १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. सडीक पांढऱ्या तांदळावरच्या ५१ तुरुंगांपैकी ३६ ठिकाणी बेरीबेरी होता. असडी तांदळावरच्या ३७ तुरुंगांपैकी फक्त एका ठिकाणी. कैद्यांच्या संख्येत पाहिले तर पहिल्या गटात दर ३९ जणांमागे एक रोगी, आणि दुसऱ्या गटात दहा हजारांहून अधिक जणांमागे एक. इमारत किती जुनी, हवा कशी खेळते, गर्दी किती, हेही त्यांनी तपासले. त्यांचा रोगाशी संबंध दिसला नाही. इतके होऊनही युरोपातील अनेक तज्ज्ञ या आकड्यांवर टीका करीत राहिले, आणि इकडे तुरुंगांतली माणसे पांढऱ्या भातावर मरत राहिली.

१८९६ मध्ये आइकमान प्रकृतीच्या कारणाने मायदेशी गेले. त्यांच्या जागी काम करणारे खेरिट ग्राइन्स यांनी निर्णायक पाऊल टाकले. त्यांनी कोंबड्यांना तांदूळ दिलाच नाही. मोठ्या दाबाच्या वाफेत फार काळ तापविलेले मांस दिले. पिठूळ पदार्थाचा लवलेश नसतानाही कोंबड्या लुळ्या झाल्या. म्हणजे विषाची कल्पना फोल होती. उलट हिरवे मूग दिले की आजार टळत असे. १९०१ मध्ये ग्राइन्स यांनी लिहिले, की नैसर्गिक अन्नात काही पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतात, ते उष्णतेने नाश पावतात, आणि त्यांच्यावाचून मज्जासंस्था निकामी होते. कासिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये अशा पदार्थांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले. बटाव्हियाच्या त्याच प्रयोगशाळेत यान्सेन आणि डोनाथ यांनी १९२६ मध्ये कोंड्यातून त्या द्रव्याचे शुद्ध स्फटिक मिळविले. त्यांच्या प्रत्येक टप्प्याची परीक्षा कोंबड्यांहूनही लहान अशा भातखाऊ पाखरांवर झाली. आज आपण त्याला थायमिन किंवा ब-१ म्हणतो. १९३६ मध्ये त्याची रचना उलगडून ते कृत्रिमरीत्या बनविणारे रॉबर्ट विल्यम्स यांचा जन्म आपल्याकडच्या नेल्लोरचा. १९२९ चे नोबेल आइकमान यांना फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासमवेत मिळाले. ग्राइन्स यांना मिळाले नाही. माझ्या मते हा अन्याय होता.

येथे कोकण आणि गोव्यातील वाचकांनी किंचित थांबावे. १९०७ च्या सुमारास मलायातील डॉक्टरांच्या लक्षात आले, की पांढरा सयामी तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने पडतात आणि शेजारीच राबणारे तमिळ मजूर बचावतात. तमिळ मजूर खात उकडा तांदूळ. फ्रेझर आणि स्टँटन यांनी रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या दोन तुकड्यांना दोन प्रकारचे तांदूळ देऊन याची खातरजमा केली. भात तुसासकट भिजवून उकडला, की सालीतील ब-१ दाण्यात मुरते आणि नंतर गिरणीत सडले तरी बरेचसे टिकते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात पेजेसाठी उकड्या तांदळाचा आग्रह धरणाऱ्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. त्यांचा तांदूळ मात्र योग्य होता.

आता पुन्हा कोंबडीकडे. आइकमान यांच्या कोंबड्यांना रोग झाला, कारण त्या खुराड्यातल्या होत्या आणि त्यांच्यापुढे एकच पदार्थ होता. त्या आवारात मोकळ्या चरत असत्या, तर किडे, गवताचे बी आणि पाला यांनी तूट भरून निघाली असती आणि बहुधा कोणाला काही दिसलेच नसते. कोंबड्यांच्या आहारशास्त्राचा पुढचा इतिहासही असाच आहे. मोकळ्या कोंबडीला आपसूक मिळणारी गोष्ट तिला कोंडल्यावरच कळून आली.

थंड देशांत हिवाळ्यात घरात वाढविलेली पिल्ले पायांत अधू होत. १९२० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे दिसून आले, की काचेतून आलेले ऊन त्यांच्या उपयोगाचे नाही. थेट ऊन किंवा कॉड माशाच्या यकृताचे तेल हवे. ऊन पडल्यावर कोंबडीच्या पायांच्या पिसेविरहित कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. काच ते किरण अडविते. तेलाची ही युक्ती सापडली आणि बारमाही बंदिस्त कुक्कुटपालनाचा मार्ग मोकळा झाला.

दुसरा प्रसंग उकिरड्याचा. मका आणि सोयाबीन अशा निव्वळ वनस्पतिज खाद्यावर ठेवलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतून पिल्ले नीट निघत नसत आणि निघालेली वाढत नसत. १९४० च्या दशकात संशोधकांना आढळले, की खाद्यात वाळलेले शेण मिसळले तरी ही उणीव भरून निघते. शेणातील जिवाणू जो पदार्थ बनवितात, तो १९४८ मध्ये वेगळा काढला गेला: ब-१२. उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीला हाकलताना आपण तिच्या तोंडचे ब-१२ हाकलत असतो.

मग मोकळ्या कोंबडीला काही घालायचेच नाही का? तसे नाही. चरून मिळणारे अन्न ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात किडे आणि कोवळे गवत मुबलक, फाल्गुन-चैत्रात परस उघडेबोडके. शिवाय तोंडे किती, हेही पाहावे लागते. एका परसात चार गावरान कोंबड्या सुखाने जगतात, चाळीस जगत नाहीत. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती अधिक अंडी देतात, पण त्याचे मोल खाद्यात मागतात. नुसत्या चरण्यावर त्या खंगतात.

घरोघरी घातल्या जातात त्या कण्या किंवा रेशनचा पांढरा तांदूळ. त्यातून ऊर्जा मिळते, पण प्रथिने जेमतेम ७ टक्के; अंड्यावरच्या कोंबडीला सुमारे १६ टक्के लागतात. ती तूट शेंगदाण्याची पेंड, सुकटीचा चुरा किंवा डाळीची चुनी यांनी भरता येते. पिल्लांना वाळवी आणून घालण्याची कोकणातील व आदिवासी पाड्यांतील रीत या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध आहे. पेंड मात्र बुरशी आलेली नसावी. तिच्यातील विष पिल्लांना मारते.

राहिला चुना. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि तांदळात ते नगण्य. खाद्यातून मिळाले नाही, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता स्वतः टिपते. तो सर्वांच्या खाद्यात मिसळू नये, कारण वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना जादा चुना सोसत नाही. खडे ही निराळी बाब. पोट्यात दाणे भरडण्यासाठी ते लागतात आणि मोकळ्या कोंबडीला ते अंगणातच मिळतात.

आणि भाताचा कोंडा, ज्याने ही सारी कथा घडविली, तो अजूनही गिरणीत स्वस्तात मिळतो. घेताना तूस मिसळलेला भरड कोंडा न घेता बारीक, मऊ, गोडसर वासाचा घ्यावा आणि थोडाथोडाच आणावा. त्यात तेलाचा अंश मोठा असतो. दमट हवेत तो काही आठवड्यांतच खवट होतो, आणि खवट कोंड्याला कोंबडी तोंड लावत नाही.